मूळ देश

मस्करेन्हस सांगायचा, आधी कागद येतो, मग बोट.
बोट आधी आली तर समज, आपलं चुकलं.
बॅलार्ड इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर
त्याच्या टेबलाला टेबल लावून मी शिकले
की जगात काहीच नुसतं येत नाही.
आमच्या वरळीत समुद्रातून जे यायचं
ते तडफडत यायचं, विनाकागद.

इथे लोकर येते, सोबत दाखला येतो
की त्या मेंढ्यांच्या कुरणाच्या आसपास
वर्षभर लाळ-खुरकूत नव्हती.
बदकाची पिसं येतात जालंधरच्या शटलकॉकवाल्यांसाठी,
वाफवलेली, डावी वेगळी उजवी वेगळी.
कातडं मिठात येतं. खाली पशुवैद्याची सही:
जनावर निरोगी होतं,
कापण्यापूर्वी आणि कापल्यानंतरही.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले.
मस्करेन्हस म्हणाला, सहीची तारीख बघ.

लॅटिन मी चुकत चुकत शिकले.
मसूर म्हणजे लेन्स क्युलिनॅरिस.
त्यातला एक आय टायपताना गळला
तर चोवीस टन मसूर न्हावा-शेव्याला नऊ दिवस उन्हात,
आणि लालन शेठ तासातासाला फोनवर:
"तांडेलबाई, डाळीला डाळ म्हणायला अजून किती दिवस?"

एलायजा चिंचोळकर आला तो असल्या कामाचा नव्हता.
मांडवीहून चालत आला होता, हातात पिशवी, पिशवीत फोटो.
फोटोत अश्दोदची एक गच्ची, गच्चीत मोगरा,
मोगऱ्यामागे अर्धी कापली गेलेली त्याची मिलकाआत्या.
चौसष्ट साली ती गेली तेव्हा रेवदंड्याच्या विहिरीपासची फांदी
ओल्या पंचात गुंडाळून, बिस्किटाच्या डब्यातून नेलेली.
तेव्हा कुणी काही विचारलं नाही.
आता आत्या नाही. घर विकायचंय. मोगरा आणायचाय.
"एकच झाड आहे," तो म्हणाला,
जसं काही एकाला फॉर्म कमी लागतो.

मी त्याला सांगितलं.
परवाना आधी काढायचा, रोप नंतर उपटायचं.
तिथल्या खात्याचा दाखला, चौदा दिवसांच्या आतला.
मुळं धुवायची. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची.
माती चालत नाही.
"थोडीसुद्धा?"
नखात राहते तेवढीसुद्धा नाही.
तो बराच वेळ स्वतःच्या नखांकडे बघत बसला.

मग रकाना सहा.
मी विचारलं, मूळ देश?
तो म्हणाला, रेवदंडा.
मी म्हटलं, तो देश नाही.
म्हणाला, मूळ तर आहे.
असं बोलणारा माणूस गिऱ्हाईक म्हणून परवडत नाही.
मी इस्रायल लिहिलं.
खोटं नव्हतं. गेल्या वीस वर्षांत मी खोटं लिहिलेलं नाही.
तरी पेन उचलल्यावर वाटलं,
मस्करेन्हस असता तर त्यानेही हेच लिहिलं असतं
आणि मग खाली चहाला गेला असता, एकटाच.

रोप आलं ते उघड्या मुळांनी, ओल्या शेवाळात,
भादरलेल्या पोरासारखं.
सरकारी रोपवाटिकेत जाळीच्या घरात
पंचेचाळीस दिवस वेगळं ठेवलं.
एलायजा दर शुक्रवारी दुपारी जायचा,
संध्याकाळ व्हायच्या आत परत,
बाहेरूनच बघून. आत सोडत नाहीत.

एकोणचाळिसाव्या दिवशी तपासणीचा कागद आला.
काझीबाईंचं अक्षर, बारीक, डावीकडे कललेलं.
पानांची खालची बाजू: स्वच्छ. खोड: स्वच्छ. मुळं: नवी, पांढरी.
शेऱ्यात कोणी काही लिहीत नाही, रेघ मारतात.
त्यांनी लिहिलं होतं:
एक कळी. कीड नाही.

मी नियमाप्रमाणे तीन प्रती काढल्या.
चौथी कुणी मागितली नव्हती.
तेवढ्यात फोन वाजला,
लालन शेठ,
डाळ.